फ्लोर दे ला मार

मलाक्का शहराची नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे काठावरच एक प्रचंड लाकडी जहाज उभे आहे. लांबी ३६ मीटर, उंची ३४ मीटर. हे जहाज पाण्यात कधी उतरलेले नाही. मलेशियाने ते जमिनीवरच बांधले आणि १९९४ साली आपले सागरी संग्रहालय म्हणून उघडले. आम्ही ते पाहावयास गेलो तेव्हा दाराशीच पायताणे काढावी लागली. देवळात जावे तसे अनवाणी आम्ही आत शिरलो आणि मग मनात आले की, हे जहाज कोणाचे?

हे जहाज ज्याची प्रतिकृती आहे ते 'फ्लोर दे ला मार', म्हणजे 'समुद्राचे फूल', १५०२ साली लिस्बनला बांधले गेले. नाव मोठे गोड. पण आमच्या किनाऱ्याला त्याची ओळख निराळी आहे. चौलच्या लढाईत १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा याचा मुलगा मारला गेला. त्याचा सूड घेण्यास निघालेल्या आल्मेदाच्या आरमाराने त्याच वर्षाच्या अखेरीस दाभोळ जाळले, आणि फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवची लढाई जिंकली. त्या लढाईत व्हाइसरॉयचे निशाण याच 'फ्लोर'वर होते. नोव्हेंबर १५१० मध्ये आल्बुकेर्कने गोवे कायमचे घेतले आणि पुढच्याच ऑगस्टात मलाक्का.

मलाक्का हे त्या काळचे केवढे बंदर! परदेशी व्यापाऱ्यांसाठी तेथे चार शहाबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, नेमलेले असत आणि त्यांतला एक केवळ गुजराती व्यापाऱ्यांचा होता. अशा नगरीची लूट आल्बुकेर्कने 'फ्लोर'वर चढविली. हिंदुस्थानच्या सफरींवरील जहाजे एरवी तीन-चार वर्षांत निकामी होत; 'फ्लोर' तर नऊ वर्षांचे झालेले, पाणी झिरपणारे, वारंवार डागडुजी केलेले. पण त्याचे पोट मोठे होते. नोव्हेंबर १५११ मध्ये सुमात्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडून ते उथळावर आपटले आणि फुटले. आल्बुकेर्क तराफ्यावरून वाचला. जहाजावरची पुष्कळ माणसे बुडाली, लूटही गेली. मलाक्काहून उचललेले ब्राँझचे सिंह त्याला स्वतःच्या थडग्यावर बसवावयाचे होते, असे त्याच्या मुलाने संकलित केलेला वृत्तांत सांगतो. ते सिंहही समुद्राने घेतले. त्या जहाजाचे अवशेष आजवर निश्चितपणे सापडलेले नाहीत.

मग ज्यांचे नगर लुटले गेले त्यांनीच लुटारूचे जहाज पुन्हा का उभारावे? प्रथम आम्हांला हे विपरीत वाटले. प्रवाशांना ओढणारी ही एक युक्ती, असेही मनात आले, आणि ते अगदीच खोटे नसेल. पण आतील दालनांतून फिरता फिरता दुसरी गोष्ट ध्यानात आली. जहाजाच्या पोटात आल्बुकेर्कचा विजयोत्सव मांडलेला नाही. तेथे गोष्ट सुरू होते ती सुलतानांच्या मलाक्कापासून. मग पोर्तुगीज येतात, १६४१ मध्ये डच येतात, मागून इंग्रज येतात, आणि जातात. ज्या जहाजातून मलाक्काची संपत्ती बाहेर गेली, त्याच जहाजात मलाक्काने आपला इतिहास भरला आहे, आणि तो आपल्या तोंडाने सांगितला आहे. प्रवेशद्वाराच्या किल्ल्याही आता तिच्याच हाती आहेत.

पराभवाचे स्मारक बांधावयास विजयस्तंभ बांधण्याहून अधिक धैर्य लागते. विजयाची आठवण आपोआप टिकते; पराभवाची जपावी लागते, कारण ती कोणालाच नको असते. गोवे १९६१ साली मुक्त झाले, मलाया १९५७ साली. दोन्ही ठिकाणी जुनी चर्चे आणि वेशी उभ्या आहेत, आणि त्या पाडल्याने ती शतके पुसली जाणार नाहीत. त्या आपण कोणत्या शब्दांत समजावून देतो, हा खरा प्रश्न आहे.

चौल आणि दाभोळ आपल्याला काही दूर नाहीत. तेथे सहलीला जाणाऱ्या आपणांपैकी किती जणांना १५०८ हे साल आठवते? आम्हांला स्वतःला ते आठवले, पण त्यासाठी मलाक्कापर्यंत जावे लागले, याची खंत वाटते.