क्रोध : दासबोधातील तमोगुण आणि आधुनिक निदान

कुपवाड ज्या सांगली जिल्ह्यात येते, त्याच जिल्ह्यात बहे-बोरगाव व शिराळा येथे मारुतींची स्थापना करणाऱ्या समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकातील सहाव्या समासात क्रोधाची गणना तमोगुणाच्या लक्षणांत केली आहे. आप्तांची ओळख विसरविणारा, दुसऱ्याच्या तसाच स्वतःच्याही जिवावर उठणारा क्रोध तेथे एकत्र नोंदविलेला आढळतो. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकाराच्या निकषांत अनावर क्रोध व आत्मघातक वर्तन यांचा एकाच यादीत समावेश केला. तथापि हे साम्य मर्यादित आहे. त्रिगुण सर्वांच्या ठायी असतात. विकाराचे निदान मात्र दीर्घकालीन वर्तनावरून तज्ज्ञाने करावयाचे असते. म्हणूनच एखाद्या विद्यार्थ्याच्या क्षणिक संतापावरून त्याच्या व्यक्तिमत्त्वावर शिक्का मारणे दोन्ही विचारांशी विसंगत ठरते.