विवाह लावण्याचा अधिकार कोणाला?

विवाह कोणी लावायचा, हे तुम्ही कोणत्या कायद्यानुसार विवाह करता यावर ठरते.

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ : वर किंवा वधू यांच्यापैकी एकाच्या रूढीनुसार विधी होणे आवश्यक आहे. पुरोहितासाठी परवान्याची अट नाही. विधीत सप्तपदी असल्यास सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो. विधीशिवाय केवळ नोंदणी केल्याने विवाह वैध ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

विशेष विवाह अधिनियम, १९५४ : धार्मिक विधीची गरज नाही; मात्र विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार हजर असावे लागतात. त्यापूर्वी दोघांपैकी एक जण किमान ३० दिवस राहत असलेल्या जिल्ह्यातील विवाह अधिकाऱ्याला लेखी नोटीस द्यावी. हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत असते.

विवाह लावणाऱ्यांनी लक्षात ठेवा : वराचे वय किमान २१ आणि वधूचे १८ वर्षे पूर्ण हवे. बालविवाह लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून मुहूर्त काढण्यापूर्वीच दोघांच्या वयाचे पुरावे पाहा.