परान्न

इतिहासाची पुस्तकं लढाई कुठे झाली ते सांगतात, कोण पडलं ते सांगतात, तह कुठल्या कलमांवर झाला तेही सांगतात. पण त्या दिवशी जेवायला काय होतं, असं विचारलं की गप्प बसतात. पानिपतावर मराठी फौज उपाशी पोटी लढली, एवढीच काय ती नोंद आमच्या क्रमिक पुस्तकांत अन्नखात्याच्या नावावर सापडते. म्हणजे जेवण मिळालं नाही तर तो इतिहास, आणि मिळालं तर ते बायकांचं काम! मी एकतीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला. त्या एकतीस वर्षांत माझा दुपारचा डबा एकदाही चुकला नाही. त्यामुळे त्याची कुठे नोंद नाही.

हे सगळं मला गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर सुचलं. सुचलं म्हणण्यापेक्षा सुचवण्यात आलं. आमचं जयसिंगपूर शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या, म्हणजे कागलच्या जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं वसवलं, आणि तेही पट्टी लावून आखून. म्हणून आमच्या गल्ल्या नंबरानं ओळखल्या जातात. अशा आखीव गावात वारासुद्धा शिस्तीत वाहतो. पाचव्या गल्लीत कुणी चकलीचा पहिला घाणा काढला की सातव्या गल्लीत नवऱ्यांना कळतं आणि बायकांच्या पोटात गोळा येतो.

"अहो," एके संध्याकाळी ही म्हणाली, "आपल्या लग्नाला अडतीस दिवाळ्या झाल्या. दर दिवाळीला आठ दिवस धरा. किती झाले?"

"तीनशे चार." गणित माझा विषय नव्हे, पण प्रश्नाचा रोख कळत होता.

"म्हणजे दहा महिने मी नुसती तळणाच्या कढईपुढं उभी आहे. या वर्षी कढई चढवायच्या आधी दोन दिवस मला दुसऱ्याच्या हातचं खायचंय." मी तोंड उघडायच्या आत तिनं पुरवणी जोडली, "तुमच्या हातचं नको."

माझी आई चातुर्मासात परान्न वर्ज्य करायची. चार महिने परक्या घरचा घास नाही. लहानपणी मला तो फार मोठा त्याग वाटे. आता विचार केला तर आई एरवी तरी परान्न कधी खात होती? घरचा पुरुष जन्मभर दुसऱ्याच्या हातचं खातो आणि त्याला घरचं जेवण म्हणतो. ज्या बाईच्या हातचं सगळं घर जेवतं, तिनं परान्न सोडायचं म्हणजे नेमकं काय सोडायचं?

मुंबईच का, याला कारण होतं. कोल्हापूर-सांगलीला गेलं तर कुणीतरी ओळखीचं भेटतं, जेवायला घरी ओढून नेतं, आणि तिथं ही ओट्याशी पोळ्या लाटायला उभी. मुंबईत परळला भाचा आहे. त्याच्या घरी न उतरता दादरला लॉजवर उतरायचं, हेही याच न्यायानं ठरलं. आणखी एक कारण तिनं हळूच सांगितलं. तिच्या मावशीची लालबागला खानावळ होती, सत्तावीस वर्षं. ती जागा तिला एकदा बघायची होती.

शेजारच्या जैन काकूंनी निरोप देताना काळजीनं विचारलं, "दिवस मावळायच्या आत मिळतं ना हो तिकडं काही?" मुंबईत दिवस मावळल्यावरच खाणं सुरू होतं, हे त्यांना सांगण्याचा धीर मला झाला नाही.

शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसतो न बसतो तोच हिनं पिशवीतून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि खर्डा काढला. "हे परान्न कसं?" मी विचारलं. "मिरज येईस्तोवर आपलाच मुलूख की," ती म्हणाली. मिरज यायच्या आत मुलूख संपला होता.

शनिवारी सकाळी दादरला उतरलो आणि छबिलदासच्या गल्लीत गरम वडा खाल्ला. वड्याच्या पोटात पाहिलं की मला चार शतकं दिसतात. बटाटा दक्षिण अमेरिकेतला, मिरची तिकडचीच, पाव पोर्तुगीजांचा. 'बटाटा' आणि 'पाव' हे शब्दसुद्धा त्यांचेच. आपला म्हणजे हात आणि फोडणी. आता हा वडा पावात कुणी घातला? अशोक वैद्य यांनी १९६६ साली दादर स्टेशनबाहेर, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. दुसरेही दावेदार आहेत. अमेरिकेच्या शोधालाही होतेच. पण शोध दादरला स्टेशनबाहेर लागला, यात मोठा अर्थ आहे. ज्याला गाडी पकडायची आहे, ताट धरायला हात मोकळा नाही आणि घरी कुणी वाट बघत नाही, अशा माणसासाठी तो लागला. हे मी हिला समजावून सांगत होतो तोवर तिचा दुसरा वडा संपला होता. "चटणीला लसूण चांगलाय," एवढाच तिचा अभिप्राय.

नंतर 'आस्वाद'ची मिसळ. दादरचं हे हॉटेल १९८६ चं. २०१५ साली लंडनच्या एका पुरस्कारात इथली मिसळ जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली. ही बातमी आमच्या जिल्ह्यात दुखवट्याच्या ठरावासारखी वाचली गेली होती. ज्या मिसळीनं डोक्याला घाम येत नाही तिला आमच्याकडे उसळ म्हणतात. मी जरा हट्टानंच कट मागून घेतला. ही मात्र शांतपणे म्हणाली, "गोडसर आहे, पण मनापासून केलीय." लंडनच्या परीक्षकांनाही बहुधा हेच म्हणायचं असावं.

पोट भरलं की इतिहास सुचतो. हे जे 'स्वच्छ उपाहारगृह' नावाचं प्रकरण दादरला १९१० साली मामा काण्यांनी काढलं, तशी उपाहारगृहं त्या काळी बहुतेक पुरुषांसाठीच असत. आणि पुरुषांतही सगळ्यांसाठी नव्हेत. कुणाच्या पंक्तीला कुणी बसायचं, कुणाच्या कपातून कुणी प्यायचं, याचे नियम दारावरच्या पाटीपासून सुरू होत. आमच्या कोल्हापुरात यावरचा उतारा एका चहाच्या दुकानानं काढला. महाराजांच्या पदरी काम करणारे गंगाराम कांबळे हे अस्पृश्य समाजातले. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला लावलं, 'सत्यसुधारक' त्याचं नाव. तिथला चहा कुणी पीत नाही म्हणताच महाराज स्वतः येऊन चहा मागवू लागले आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजू लागले. छत्रपतींनी पुढं केलेला कप नाकारणार कोण? मोठे जाहीरनामे मी वर्गात पुष्कळ शिकवले, पण एका कपानं इतकं काम केल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. पुढं १९२५ साली महाराजांचं पहिलं स्मारक उभारलं ते याच गंगारामांनी.

बायकांचा नंबर त्याच्याही नंतर लागला. त्यांच्यासाठी 'फॅमिली रूम' निघाल्या. फॅमिली रूम म्हणजे फळ्यांचा खोका आणि त्याला मळका पडदा. माझ्या आईनं जन्मात एकदाच हॉटेलात डोसा खाल्ला, तो कोल्हापुरात अशाच खोक्यात, पदर डोक्यावर घेऊन आणि भिंतीकडं तोंड करून. बाहेर आल्यावर वडिलांना म्हणाली, "कुणी बघितलं तर नसंल ना?" जसं काही डोसा खाल्ला नव्हता, चोरला होता.

दुपारी आम्ही धोबीतलावला 'कयानी'त गेलो. हे इराणी हॉटेल १९०४ चं. याझ्द आणि केरमानकडून आलेल्या झरथुष्ट्री इराण्यांनी मुंबईचे कोपरे धरले. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून हिंदू दुकानदार ती घेत नसत, असं सांगतात. अशुभ जागेत शुभ गोष्ट झाली ती ही, की एक चहा आणि ब्रून मस्का मागवला की हमाल आणि वकील एकाच टेबलाशी बसू लागले. ही भर हॉटेलात, रस्त्याकडं तोंड करून, मावा केक खात बसली होती. येणारेजाणारे बघत होते. तिनं चहात बुडवून मस्कापाव खाल्ला आणि बशीतला चहा फुर्रकन ओढला. आईला हे दाखवायला हवं होतं.

रविवारी सकाळी लालबाग. तिथं इतिहासाला माझी गरज नव्हती. ही एकटीच पुरेशी होती. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावरांनी १८५४ साली काढली, हे मी शिकवत असे. त्या गिरण्यांत कोकणातून आणि आमच्या घाटावरून गेलेली माणसं जेवत कुठे, हे क्रमिक पुस्तकात नव्हतं. ती हिच्या मावशीकडे जेवत. एका खोलीत दहापंधरा माणसं पाळीपाळीनं झोपायची. चूल मांडायला जागा नाही आणि पेटवायला बाई गावाकडे. मावशीचे यजमान गिरणीत खोकून खोकून गेले, तेव्हा तिनं अठरा माणसांचं दोन वेळचं जेवण अंगावर घेतलं. पहाटे तीनला उठायचं, कारण पहिली पाळी सातची. पैसे महिन्याच्या पगाराला. वाण्याची उधारी मात्र रोजची.

अशा हजारो बायका गिरणगावात होत्या. बँका त्यांना दारात उभ्या करत नव्हत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढून या खानावळवाल्यांना एकत्र केलं आणि कर्ज मिळवून दिलं, तेव्हा सावकाराचा पाश थोडा सैल झाला. मग १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या संपाच्या इतिहासात गिरण्या किती बुडाल्या ते आहे. खानावळी किती बुडाल्या ते कुणी मोजलं की नाही कोण जाणे. मावशीनं चार महिने सगळ्यांना उधारीवर जेवू घातलं. मग एकेक जण गावी गेला. तिच्याकडं वही राहिली.

"पैसे बुडले म्हणायचे," मी म्हणालो.

"सगळ्यांचे नाही," ही म्हणाली. "गडहिंग्लजकडचा एकजण सहासात वर्षांनी आला. पैसे नव्हते. गुळाची ढेप घेऊन आला होता. मावशीनं वहीतलं त्याचं पान फाडून त्याच्या हातात दिलं."

चाळ होती तिथं आता तीसबत्तीस मजल्यांचा मनोरा आहे. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं कुणाकडे जायचंय म्हणून विचारलं. हिनं मावशीचं नाव सांगितलं. त्यानं वहीत पाहिलं आणि नाही म्हणाला.

जेवायला जवळच एक लहानसं घरगुती दुकान सापडलं. चार टेबलं. सुरमई, तांदळाची भाकरी, सोलकढी. ताटं निम्म्यावर आली तेव्हा आतून एक बाई पदराला हात पुशीत आली आणि हिला म्हणाली, "ताई, कालवण कसं झालंय?"

ही घास हातात धरून बसली. मग म्हणाली, "मीठ अगदी नेमकं आहे." आमच्याकडं याहून मोठी पदवी नाही. बाई हसून आत गेली. दोन मिनिटांनी ही उठून तिच्या मागं गेली. मला वाटलं, झालं, आता भाकऱ्या थापायला लागणार! पण नाही. स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला टेकून ती नुसती बोलत उभी राहिली. उंबरठा काही तिनं ओलांडला नाही.

येताना चिवडा गल्लीतून दोन किलो चिवडा घेतला. दिवाळीच्या गर्दीत कढया रस्त्यावरच पेटल्या होत्या. विकतचा फराळ आमच्या घरात हा पहिलाच. "गल्लीत काय सांगायचं?" मी विचारलं. "माझ्या माहेरचा आहे म्हणायचं," ती म्हणाली.

बाकीचा फराळ घरीच झाला. मंगळवारी कढई चढली आणि सोऱ्या माझ्या हातात आला. चकलीचा इतिहास मला फारसा अवगत नाही, असं मी सांगून पाहिलं.

"भूमिती आली तरी पुरे," ही खुर्चीत बसून चिवडा खात म्हणाली. "वेढे तीनच घाला, आणि शेवटचं टोक चिकटवा."