पश्चात्ताप

पाट्यांवर, पत्रिकांत हा शब्द सर्रास ‘पश्चाताप’ असा, एक त गिळून छापतात. फोड आहे पश्चात् अधिक ताप: मागाहून होणारी आग. प्राकृतातून झिजत आलेलं त्याचं घरगुती रूप म्हणजे ‘पस्तावा’. परभणीच्या मोंढ्यात भाव चढायच्या आत सोयाबीन विकून बसलेला शेतकरी पस्तावतो, त्यात पापाचा संबंध नसतो. त्याच परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. त्यांच्या वारकरी परंपरेचा शब्द ‘अनुताप’. तिथंही ‘अनु’ म्हणजे मागाहूनच.

मराठी बायबलात ‘पश्चात्ताप’ आला तो ‘मेटानोइया’ या ग्रीक शब्दासाठी. त्यात ताप कुठंच नाही. आहे मन पालटणं. हिब्रूतला ‘शूव’ तर सरळ मागं फिरणं. म्हणजे आपला शब्द पोळण्यावर थांबतो, ते दोन्ही पुढचं पाऊल मागतात. मला जक्कयाची गोष्ट इथं नेमकी वाटते. यरीहोचा हा मुख्य जकातदार येशूपुढं रडत बसत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेलं चौपट परत, असा रोकडा हिशेब मांडतो. लूकच्या शुभवर्तमानातल्या त्या प्रसंगात ‘पश्चात्ताप’ हा शब्द एकदाही येत नाही.