माउंट ऑबर्नचे शरदातील पाहुणे

मृतांसाठी राखलेली भूमी जिवंतांना आसरा देते, असे म्हटले तर ते प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. परंतु अमेरिकेतील बॉस्टन शहराजवळ, केंब्रिज आणि वॉटरटाउन यांच्या सीमेवर, माउंट ऑबर्न नावाची जी दफनभूमी आहे, तिचा इतिहास नेमका हेच सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बॉस्टनमधील मृतांना चर्चच्या तळघरांत किंवा दाटीवाटीच्या आवारांत पुरीत असत. हे आरोग्याला अपायकारक आहे, असे डॉ. जेकब बिगेलो यांचे मत होते. ते वैद्य तसेच वनस्पतिशास्त्रज्ञही होते. १८२५ साली त्यांनी शहराबाहेर, वृक्षांच्या छायेत दफनभूमी करावी अशी कल्पना मांडली. पुढे मॅसॅच्युसेट्सच्या उद्यानविद्या संस्थेने तिला हातभार लावला आणि २४ सप्टेंबर १८३१ रोजी ७२ एकर भूमीचा अर्पणविधी झाला. त्या वेळचे मुख्य भाषण न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी केले. त्याच वर्षी त्यांची दहा वर्षांची कन्या निवर्तली होती. तेव्हा ते भाषण केवळ उपचाराचे नव्हते, हे सांगावयास नकोच. मूळच्या टेकड्या, तळी आणि झाडे राखून त्यांतून वळणावळणाचे रस्ते काढण्यात आले. मनात हेतू होता तो शोकाकुलांच्या सांत्वनाचा. पाखरांचा विचार कोणाच्या ध्यानीमनी नव्हता.

पाखरांनी मात्र ती जागा हेरली. लहान पक्षी बहुधा रात्री प्रवास करतात आणि पहाटे थकूनभागून खाली उतरतात. भोवतालचे शहर जसजसे वाढले, तसतसे हे वृक्षांकित बेट त्यांना अधिकाधिक मोलाचे झाले. वसंतात ते येतात तेव्हा पिसारा झळझळीत असतो आणि कंठात गाणे असते. शरदातील परतीची यात्रा मूक असते. रंग मावळलेले, जातीजातींतील भेद पुसट झालेले. आणि त्यांत कितीतरी त्याच वर्षी जन्मलेली पिले, ज्यांनी ही वाट पूर्वी कधी पाहिलेली नाही. म्हणून शरदातील पक्षिनिरीक्षण ही पाहणाऱ्याच्या धीराची कसोटीच म्हणावी लागेल.

या परिसरातच विल्यम ब्रूस्टर (१८५१–१९१९) हे पक्षिशास्त्रज्ञ घडले. १८७३ साली केंब्रिजमध्ये स्थापन झालेल्या नटॉल पक्षिविद्या मंडळाचे ते एक अध्वर्यू होते. सप्टेंबर १८८३ मध्ये अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञांचा संघ न्यूयॉर्क येथे स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांतही ते होते. त्याच महिन्यात आपल्या मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा जन्म झाला, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या काळी पक्षी ओळखणे म्हणजे पुष्कळदा तो बंदुकीने टिपून हातात घेणे असे. शिवाय स्त्रियांच्या टोप्यांवरील पिसांसाठी असंख्य पक्ष्यांचा संहार चालला होता. १८९६ साली हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल या बॉस्टनच्या दोन स्त्रियांनी आपल्या मैत्रिणींना अशा टोप्या टाकून देण्यास प्रवृत्त केले. त्यातून मॅसॅच्युसेट्स ऑड्युबॉन सोसायटी उभी राहिली आणि ब्रूस्टर तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९१६ चा स्थलांतरी पक्ष्यांविषयीचा करार व १९१८ चा कायदा हे पुढचे टप्पे. ते पाहावयास ब्रूस्टर हयात होते. ते माउंट ऑबर्नमध्येच चिरविश्रांती घेत आहेत.

बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली, तरी ज्ञान उणावले नाही. ब्लॅकपोल नावाचा वटवट्या घ्या. वजन सुमारे १२ ग्रॅम. शरदात तो चरबी साठवून अटलांटिक महासागरावर झेप घेतो. दोन-तीन दिवस न थांबता, २,२०० किलोमीटरांहून अधिक अंतर उडून तो कॅरिबियन बेटांवर उतरतो आणि तेथून दक्षिण अमेरिका गाठतो. पाठीवर बसवलेल्या इवल्याशा यंत्रांच्या साहाय्याने हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सिद्ध झाले.

मात्र १९७० पासून उत्तर अमेरिकेतील पक्ष्यांची संख्या सुमारे तीन अब्जांनी घटली, असा निष्कर्ष २०१९ साली शास्त्रज्ञांनी काढला. ज्याला सागर अडवू शकत नाही, त्याला उतरावयास झाडच उरले नाही तर तो काय करील? आपल्याकडेही शरद ऋतूत परीट पक्षी उत्तरेकडून येऊन नदीकाठी शेपटी हालवीत फिरू लागतात. त्यांच्यासाठी आपण काठ किती राखला आहे? पूर्वजांनी दुःखाच्या पोटी एक बाग लावली आणि ती परक्या जीवांच्या कामी आली. आपण जाणूनबुजून तेवढे केले, तरी पुष्कळ झाले.