कुठली पाटी घेऊ? सड्यावरची चित्रं आणि नकाशाची गोष्ट

मंडळी, पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन. "मामा, ड्रॉइंग टॅबलेट घ्यायचाय. साधा घेऊ की स्क्रीनवाला?" मला वाटलं कार्टून काढायला हवा असेल. तर म्हणाला, "गावच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत ना, त्यांचा नकाशा करायचाय." मग मात्र मी खुर्ची ओढून बसलो. कारण हा प्रश्न दुकानातला वाटला तरी त्याच्यामागे आपल्या जिल्ह्याचा दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

आपल्याकडे जमिनीचा नकाशा आला तो साऱ्यासाठी. १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जी मोजणी-आकारणी सुरू केली, तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. हत्यार काय, तर ३३ फुटी साखळी, तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट. हाच आपला गुंठा! आज आपण भावकीत ज्या गुंठ्यावरून भांडतो, तो त्या साखळीतून आलाय.

रत्नागिरीत ही मोजणी नुसती मोजणी राहिली नाही. इथे खोती होती. जमीन कसणारा कोण, सारा भरणारा कोण, नि कागदावर नाव कुणाचं, हा खोत आणि कुळांतला झगडा पिढ्यान्‌पिढ्या चालला. १८८० मध्ये खोतीचा कायदा आला, १९३७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं आणि खोती संपवणारा कायदा व्हायला १९४९ उजाडलं. ज्याची नोंद, त्याचा हक्क, हे कोकणातल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

साखळीच्या जोडीला आणखी एक हत्यार होतं, प्लेन टेबल. तिपाईवर बसवलेला लाकडी फळा, वर कागद, कागदावर नेम धरायची पट्टी. समोरच्या बांधाकडे नेम धरायचा आणि तिथल्या तिथे रेघ ओढायची. जुन्या भूकरमापकांना विचारा, फळ्याचे किस्से सांगतील. माझ्या मते हाच आपला पहिला ड्रॉइंग टॅबलेट.

विजेवर चालणारी पाटी आली १९६४ मध्ये. अमेरिकेत रँड या संस्थेने दहा इंच बाय दहा इंचाची पाटी केली. तिच्यावर १०२४ गुणिले १०२४, म्हणजे दहा लाखांहून जास्त बिंदू ओळखता यायचे. किंमत तेव्हा १८,००० डॉलर! पेनाला वायर होती. १९८३ मध्ये जपानात वाकॉम कंपनी सुरू झाली आणि पुढे बिनवायरीचं, बिनबॅटरीचं पेन आलं. पाटीच पेनापर्यंत ऊर्जा पोचवते. आज हीच गोष्ट कॉलेजच्या पोराच्या आवाक्यात आली आहे.

आता सड्याकडे येऊ.

साऱ्याच्या नकाशात सड्याला काय किंमत? पीक नाही, म्हणजे आकार नाही. कातळ म्हणजे पोटखराब. त्यामुळे ज्या सड्यावर हजारो वर्षांपूर्वी माणसाने हत्ती, मासे, माणसं कोरली, तो सडा कागदावर कोराच राहिला. गुराख्यांना चित्रं माहीत होती, गावातल्या म्हाताऱ्यांना माहीत होती. कागदाला माहीत नव्हती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई या मंडळींनी सडे पायाखाली घालून ती शोधली, नोंदवली. त्याचं फळ म्हणजे २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यात आपल्या जिल्ह्यातली सात ठिकाणं: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवी हसोळ, देवाचे गोठणे आणि बारसू.

२०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, आंदोलन पेटलं. प्रकल्प हवा की नको, हा वाद मी इथे काढत नाही. पण त्या वादात कातळशिल्पांचा मुद्दा पुढे आला, तो नोंद होती म्हणूनच. ज्या सड्याची नोंदच नाही, तिथे चिऱ्याची खाण लागली तर काय दाखवणार? आजोबा सांगायचे म्हणून? सरकारी ड्रोन २०२० पासून स्वामित्व योजनेत उडतायत, पण ती योजना गावठाणासाठी. सडा तिच्यात येत नाही.

म्हणून भाच्याला जे सांगितलं, ते तुम्हालाही सांगतो.

एक, स्क्रीनवाला नको. सड्यावर उन्हात काही दिसत नाही, आणि घरी साध्या पाटीवर आठवड्याभरात हात बसतो. साधारण दहा बाय सहा इंचाची मधली पाटी पुरे.

दोन, दाब ओळखायच्या ८१९२ पातळ्यांच्या जाहिरातीला भुलू नको. चित्रकाराला त्याचा उपयोग. नकाशाची रेघ एकाच जाडीची असते.

तीन, हाताने काढलेला कागद पाटीवर ठेवून गिरवणार असशील, तर पाटी आणि पडदा यांचं प्रमाण सेटिंगमध्ये जुळव. नाहीतर वर्तुळाचं अंडं होतं आणि हत्ती बुटका होतो.

चार, क्यूजीआयएस, इंकस्केप, क्रिटा फुकट आहेत. वाचलेल्या पैशात लांब मेजपट्टी घे.

आणि पाचवं, सगळ्यात महत्त्वाचं. फोनच्या जीपीएसमध्ये काही मीटरची चूक सहज असते. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब, पण बाकीची बरीचशी चित्रं त्याहून खूप लहान. तेव्हा जागा फोनने घे, पण माप टेपनेच. दोरी ताणून एक-एक मीटरचे चौकोन कर नि आलेखाच्या कागदावर उतरव. फोटो सकाळी नाहीतर संध्याकाळी, तिरक्या उन्हात. खडूने किंवा रंगाने रेघा भरू नको. आणि जमीन कुणाची आहे ते विचारून, सांगूनच जा.

पाटी घरात लागते, नकाशा सड्यावर होतो. साखळीवाल्यांनी सारा वसूल करायला मोजलं, आपण आपला ठेवा राखायला मोजू.

तुमच्या गावच्या सड्यावर असं काही आहे का? पावसाळ्यात गवत वाढायच्या आधी एकदा जाऊन या. आणि घरात म्हातारं माणूस असेल, तर त्याला सोबत न्या. वाट त्यालाच माहीत असते.