तिथी-वार पडताळणीचा पत्रव्यवहार

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुराभिलेखविद आणि ज्योतिर्गणिती यांच्यात झालेली लेखी देवाणघेवाण. शिलालेख व ताम्रपटांत आलेले मास, पक्ष, तिथी आणि वार गणिताने तपासून जुन्या संवतांचे आरंभ निश्चित करणे हा तिचा विषय. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी जॉन फेथफुल फ्लीट (१८४७–१९१७) आणि शिक्षणखात्यातील शिक्षक शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) ही तिच्यातील सर्वांत फलदायी जोडी. छत्तीसगडच्या प्राचीन इतिहासाची कालगणना आजही या कामाच्या पायावर उभी आहे.

त्या काळी गुप्त संवताचा आरंभ हा मोठा वादविषय होता. इ.स. ७८, १६६, १९० आणि ३१९ च्या आसपास असे चार पक्ष मांडले जात. शक २४१ मध्ये हा संवत सुरू झाला, असे अल्बेरूनीने लिहून ठेवले होते, पण तेवढ्यावर सगळ्यांचे समाधान होत नव्हते. सागर जिल्ह्यातील एरण येथे बुधगुप्ताच्या काळातील एक स्तंभ आहे. त्यावर गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार अशी मिती कोरलेली आहे. ३१९ चा पक्ष खरा असेल, तर ही तिथी इ.स. ४८४ मध्ये गुरुवारीच यायला हवी. दीक्षितांनी गणित केले, तेव्हा २१ जून ४८४ हा दिवस निघाला आणि वारही गुरुवारच आला.

हे वाटते तितके सोपे नव्हते. तिथी सूर्योदयाबरोबर सुरू होत नाही. मास अमान्त (अमावास्येला संपणारा) की पूर्णिमान्त (पौर्णिमेला संपणारा), वर्ष गत (पुरे झालेले) की वर्तमान (चालू), सूर्योदय उज्जयिनीचा धरायचा की लेखाच्या गावचा, यांतले काहीही बदलले की वार बदलू शकतो. दीक्षितांनी यासाठी केरो लक्ष्मण छत्रे यांच्या ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ (१८६०) या मराठी ग्रंथाचा आधार घेतला. मराठीतून छापलेली कोष्टके गुप्तकाळाच्या निर्णयाला उपयोगी पडली, ही गोष्ट मराठी विज्ञानलेखनाच्या इतिहासात ठळकपणे नोंदवावी अशी आहे. दीक्षितांची गणितपद्धती १८८७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त छापली गेली.

केवळ वार जुळला म्हणून संवत सिद्ध होत नाही. कोणताही वार योगायोगाने जुळण्याची शक्यता सातांत एक असते, त्यामुळे वेगळ्या जातीचा पुरावा हवा होता. तो परिव्राजक नावाच्या राजघराण्याच्या ताम्रपटांत सापडला. त्यांत गुप्त वर्षाबरोबर महावैशाख, महाआश्वयुज अशी बार्हस्पत्य संवत्सरांची नावे येतात. सूर्यसान्निध्यामुळे लोपलेला गुरू पुन्हा ज्या नक्षत्रात उगवतो, त्यावरून त्या वर्षाला नाव देण्याची एक जुनी पद्धत होती. असे दोन उदय सुमारे ३९९ दिवसांनी होतात, म्हणून बारा वर्षांत उदय अकराच पडतात आणि एक नाव गळते. प्रचारातून गेलेली ही पद्धत दीक्षितांनी संहिताग्रंथांच्या आधारे मांडली आणि ३१९ चा पक्ष धरून ताम्रपटांतील संवत्सरे जुळवून दाखवली. एका वाराच्या मेळापेक्षा हा पुरावा कितीतरी भक्कम आहे आणि दीक्षितांची खरी कामगिरी येथेच आहे. फ्लीट यांनी १८८८ च्या आपल्या गुप्त अभिलेखसंग्रहात दीक्षितांचे हे लेखन त्यांच्या नावानिशी परिशिष्टांत घेतले.

पुढे मद्रास इलाख्यातील रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर दीक्षितांनी ‘इंडियन कॅलेंडर’ (लंडन, १८९६) सिद्ध केले. इ.स. ३०० ते १९०० पर्यंतच्या मित्या त्यातून काढता येतात, आणि भारतात दिसलेल्या ग्रहणांची कोष्टके त्यात व्हिएन्नाचे रॉबर्ट श्राम यांनी दिली. दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा मराठी इतिहासही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

छत्तीसगडचा यातला वाटा दुहेरी आहे. रतनपूरच्या कलचुरींच्या लेखांत कलचुरी संवत वापरलेला आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून गॉटिंगेनला गेलेले फ्रान्झ कीलहॉर्न यांनी याच तिथी-वाराच्या पद्धतीने त्याचा आरंभ इ.स. २४८-४९ मध्ये ठरवला. जाजल्लदेवाच्या रतनपूर शिलालेखातील संवत ८६६, मार्गशीर्ष शुद्ध नवमी, रविवार ही मिती ८ नोव्हेंबर १११४ या दिवशी अचूक बसते. या संवतातील लेखांचा संग्रह नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केला.

याउलट आरंग आणि रायपूर येथील शरभपुरीय राजांचे, तसेच राजीम येथील तीवरदेवाचे ताम्रपट फ्लीटांच्या संग्रहात असूनही गणिताच्या आवाक्याबाहेर राहिले. त्यांत संवत नाही, फक्त राज्यवर्ष आहे. आरंगच्याच भीमसेनाच्या ताम्रपटात गुप्त वर्ष आणि भाद्रपदाचा दिवस आहे, पण वार नाही. अभ्यासक हिरालाल यांनी त्यातील वर्ष २८२ वाचले, तर मिराशींनी ते १८२ असल्याचे दाखवले. हे शंभर वर्षांचे अंतर शेवटी अंकचिन्हाच्या वाचनावरूनच मिटवावे लागले.